ओळंबा आणि चाकांवरचं घर

आमच्या काकांचं चष्म्यांचं दुकान होतं. जगात कुणाचेच दोन्ही कान एका रेषेत नसतात, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या कळलं आणि ते दुःख त्यांनी जन्मभर मनाला लावून घेतलं. काड्या वाकवून वाकवून त्यांनी शेकडो चष्मे सरळ केले. कुणाकडे गेले, की ‘कसे आहात’ विचारायच्या आधी भिंतीवरचा फोटो सरळ करणार. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन लावून सोडतो ना, त्यावरून काकूने त्यांचं नावच ‘ओळंबा’ ठेवलं होतं.

काकूशी त्यांची ओळख दुकानातच झाली. ‘तुमची डावी बाजू खाली आलीय,’ हे त्यांचं तिच्याशी पहिलं वाक्य. मग त्यांनी तिचा चष्मा काढून घेतला, नीट केला आणि परत दिला. काकू म्हणते, ‘तेव्हाच पळून जायला हवं होतं. पण जरा स्पष्ट दिसायला लागलं आणि हे बरे दिसले!’

दुकान विकल्यावर काकांनी गाडीमागे ओढायचं एक जुनं चाकांवरचं घर घेतलं. दोन बाकं, शेगडी, पलंग, पत्र्याचं दार. पहिल्या सहलीला मलाही बरोबर नेलं. तळ्याकाठची मुक्कामाची जागा छान होती, पण जमीन मात्र एका बाजूला उतरती.

‘पाहिलंस?’ काका मला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत दुःख कमी आणि आनंदच जास्त होता.

त्यांनी पाणसळ काढली. काचेच्या नळीतला तो बुडबुडा मध्यावर आला, की जमीन समतल. मग काकूला गाडीत बसवलं, उताराकडच्या चाकापुढे फळ्या ठेवल्या आणि हातवारे सुरू केले.

‘ये, ये, ये... थांब! अगं, थांब म्हणजे थांब!’

‘तोंडाने थांब म्हणता आणि हाताने बोलावता. ऐकू कुणाचं?’

एकदाचं चाक फळ्यांवर चढलं. काकांनी चाकांच्या पुढे-मागे पाचरा ठोकल्या, गाडी सोडवली आणि पुढचा जॅक फिरवून घराचं नाक वरखाली केलं. बुडबुडा मध्याच्या अगदी जवळ आला. अगदी जवळ म्हणजे केसभर बाजूला. एव्हाना काकू आत जाऊन चहा ठेवत होती.

‘आता घराचे चार कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे, झालं,’ मी म्हणाले.

‘झालं कसलं? डावा कोपरा बघ.’

फळी पुन्हा लावायची तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. त्यापेक्षा काकांनी डाव्या कोपऱ्याचा पाय जमिनीला टेकल्यावरही फिरवत ठेवला. कोपरा उचलला गेला. आतून कुठेतरी करकर आवाज आला. बुडबुडा बरोब्बर मध्ये!

‘चहा आण गं!’ काका ऐटीत म्हणाले.

दार हललं, पण उघडलं नाही. आतून धक्का, बाहेरून हिसका. काकांनी पाय भिंतीला लावून ओढलं. दार ढिम्म.

‘फुगलंय वाटतं,’ काका म्हणाले.

‘पत्रा फुगतो होय?’ काकूने खिडकीतून तोंड काढलं. हातात कप होता.

‘घाबरू नकोस. मी काढतो तुला बाहेर.’

‘मी कुठे घाबरलेय? शेगडी माझ्याकडे, पलंग माझ्याकडे, बिस्किटं माझ्याकडे. बाहेर तुम्ही आहात.’

काकांनी तेल आणलं, सळई आणली, मला ढकलायला लावलं. काकूने सावकाश चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि मग म्हणाली, ‘तुम्ही तो शेवटचा पाय फिरवलात ना, तेव्हा दाराची चौकट करकरली होती.’

‘मग तेव्हाच नाही का सांगायचंस?’

‘चहा गार झाला असता.’

काका खाली वाकले. ते पाय घराला डुलू न देण्यासाठी असतात, उचलण्यासाठी नव्हे. एका कोपऱ्याने उचललं, की अख्खा सांगाडा पिळवटतो. पाय सैल करताच दार आपोआप उघडलं आणि काकू पायरीवर उभी राहिली. पण काकांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. बुडबुडा पुन्हा केसभर सरकला होता.

‘केसभरच तर आहे,’ मी समजूत घातली.

‘तुझ्या काकांच्या डोक्यावर केसच नाहीत,’ काकू म्हणाली, ‘त्यामुळे त्यांना तो फार वाटतो.’

काका हसले खरे. पण रात्रभर त्यांना झोप येणार नाही, हे काकूला ठाऊक होतं. ती आत गेली आणि भाजी चिरायची पातळ फळी घेऊन आली. ‘ही पुरेल?’

काका तिच्याकडे पाहतच राहिले. गाडी पुन्हा जोडली, पाचरा काढल्या, हातवारे झाले, भांडणही झालं. फळीवर फळी ठेवून चाक चढवलं. या वेळी पाय फक्त टेकवले. काकांनी टेबलावर एक वाटाणा ठेवला. तो जागचा हलला नाही. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

त्या संध्याकाळी टोमॅटो आणि काकड्या अख्ख्याच चावून खाल्ल्या. काका म्हणाले, चव जास्त लागते.

सकाळी जाग आली तर ते पलंगावर नव्हते. खिडकीतून पाहिलं. शेजारी मुक्कामाला आलेल्या तशाच चाकांवरच्या घराखाली ते पाणसळ घेऊन आडवे झाले होते आणि झोपेच्या कपड्यांतला शेजारी बिचारा हातात फळी धरून उभा होता.

‘सोडवायला जाऊ का?’ मी विचारलं.

‘कुणाला?’ काकूने टॉवेल खांद्यावर टाकला. ‘चल, त्यांचं आटपेपर्यंत आपण दोघी पोहून येऊ.’