बूड कापलेली टोपली

त्या काळी नागपूरच्या आमच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कुत्रं आलं की कंपाउंडर हसायचा. दवाखाना बैलांचा, म्हशींचा, बकऱ्यांचा. केसपेपरवर छापलेलंच असायचं: दुभती की भाकड, गाभण किती महिन्यांची. कुत्र्यासाठी मी ते सगळं खोडायचो आणि खोडण्यातच माझा निम्मा उत्साह संपायचा.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी साताऱ्याकडून बदलून आलेला, तिशीतला, बिनलग्नाचा. दवाखान्याच्या मागे एका खोलीचं क्वार्टर मिळालं होतं. निघताना आईने कांदे-बटाटे ठेवायला बांबूची एक चांगली टोपली दिली होती. टोपली असली की संसार आपोआप मागून येतो असं तिला वाटत असावं. संसार काही आला नाही. एका माणसाला एक वांगं लागतं, ते खिशातूनही आणता येतं. टोपली खुंटीला रिकामी लटकलेली असायची. दिवसभर लोक 'साहेब, साहेब' करायचे, पण संध्याकाळी दार लावलं की दुसऱ्या सकाळपर्यंत तोंड उघडायचं कारण नसायचं. मला फार एकटं वाटायचं. आईला पत्रात मात्र मी हवापाणी ठीक आहे असंच लिहीत होतो.

मे महिन्यात एक म्हातारा त्याच्या कुत्र्याला घेऊन आला. कापडगिरणीतून निवृत्त झालेला, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेला. बायको वारली होती, मुलगा भिलाईला. घरात हा आणि ते तांबूस गावठी कुत्रं, एवढेच दोघे. कुत्र्याशी तो माणसासारखा बोलायचा.

"बस गा," त्याने कुत्र्याला सांगितलं आणि मग मला म्हणाला, "साहेब, पेशाब थेंब थेंब होऊन राहिली. सारखा चाटूनच राहिला."

मी खुर्चीतून उठलो नाही. खिडकीतल्या वाळ्याच्या ताटीवर नुकतंच पाणी मारलं होतं आणि माझी खुर्ची बरोबर त्या गारव्यात होती. मे महिन्यात अर्ध्या नागपूरला उन्हाळी लागलेली असते. लघवीला जळजळतं, थेंब थेंब होते. त्या आठवड्यात मला स्वतःलाही लागली होती आणि मी सब्जा पीत होतो. माणसांना आहे तर कुत्र्यालाही असणार. मी म्हणालो, "उन्हाळी आहे. भरपूर पाणी पाजा." औषधाची बाटली दिली आणि पुढच्या बकरीला बोलावलं.

आठ दिवसांनी तो कुत्र्याला उचलून घेऊन आला. सांगितल्याप्रमाणे त्याने चमच्याचमच्याने पाणी पाजलं होतं, जवाचं पाणी पाजलं होतं, कैरीचं पन्हंसुद्धा. कुत्र्याचं पोट टणक झालं होतं. ते कण्हतही नव्हतं, नुसतं बघत होतं.

"साहेब, हा गेला तर मी घरी काहून जाऊ?" तो म्हणाला.

मी जमिनीवर बसलो. कुत्र्याला कुशीवर वळवलं आणि आठ दिवसांपूर्वी जे करायला हवं होतं ते केलं, म्हणजे पाहिलं. लिंगावरच्या कातडीचं तोंड आवळून राईच्या दाण्याएवढं उरलं होतं. आतलं लिंग बाहेर येणं शक्यच नव्हतं. कुत्र्याने जोर केला तेव्हा लघवी कातडीच्या आत साठली, तिथे लिंबाएवढा फुगा आला आणि मग टोकातून एकेक थेंब गळू लागला. एवढं दिसल्यावर निदान करायला कॉलेजातला पहिल्या वर्षाचा मुलगाही पुरला असता.

"इथे कधी काही लागलं होतं?"

"दिवाळीत दुसऱ्या कुत्र्यानं चावलं होतं. हळद-तेल लावलं मी. मस्त भरून आलं साहेब."

भरून आलं होतं, जरा जास्तच. जखमेचा वण आक्रसत आक्रसत दार बंद करत गेला होता आणि मी वरून पाणी पाजायला सांगितलं होतं. माझी मलाच चीड आली. कंपाउंडरवर मी विनाकारण ओरडलो.

बकऱ्यांच्या टेबलावर ऑपरेशन केलं. गुंगीचं इंजेक्शन बेतानेच दिलं, कारण जीव आधीच थकलेला होता. म्हाताऱ्याला बाहेर थांबा म्हटलं, तो हलला नाही. कुत्र्याचं डोकं दोन्ही हातांत धरून उभा राहिला. कातडीच्या तोंडाशी त्रिकोणी तुकडा कापायचा असतो. कमी कापला तर तोंड पुन्हा आवळतं, जास्त कापला तर टोक कायम उघडं राहून सुकतं. मग आतली नाजूक त्वचा बाहेरच्या कातडीला बारीक दोऱ्याने शिवायची, म्हणजे कापलेल्या कडा एकमेकींना चिकटत नाहीत. शेवटच्या टाक्याआधीच लघवीची धार सुटली. माझा ऍप्रन, कंपाउंडरचे बूट, सगळं भिजलं. म्हातारा रडत होता आणि हसतही होता. मी मान खाली घालून गाठी मारत राहिलो.

आता चाटून टाके तोडू नयेत म्हणून कुत्र्याच्या गळ्यात काहीतरी अडकवायला हवं होतं. बैलांच्या दवाखान्यात तसलं काय असणार? मी क्वार्टरमध्ये गेलो, आईच्या टोपलीचं बूड कापलं आणि ती कुत्र्याच्या गळ्यात बसवली. त्यातून तोंड काढून ते असं काही बघू लागलं की कंपाउंडर पुन्हा हसला. या वेळी मीही हसलो.

रोज दुपारी दवाखाना बंद व्हायच्या वेळेला म्हातारा त्याला घेऊन यायचा. मी लिंग हळूच बाहेर काढून मलम लावायचो, नाहीतर ते आत चिकटण्याची भीती असते. मग आम्ही चहा प्यायचो. तो गिरणीतल्या भोंग्याबद्दल बोलायचा, मी ऐकायचो. टाके दहाव्या दिवशी काढता आले असते. मी तेराव्या दिवशी काढले आणि त्याचं कारण वैद्यकीय नव्हतं.

त्या दिवशी मला गप्प बसवेना. मी म्हणालो, "पहिल्या खेपेला मी त्याला पाहिलंच नव्हतं. चूक माझी होती. त्याचा जीव गेला असता."

कुत्र्याच्या गळ्यातून काढलेली टोपली म्हाताऱ्याच्या हातात होती. "चल गा," असं कुत्र्याला म्हणून तो टोपलीसकट निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. बरोबरच होतं, बरं झालेलं कुत्रं कोण आणतं दवाखान्यात? तरी मी चहा दोघांचा टाकला. तिसऱ्या दिवशीही आला नाही. खरं बोलून मी माझ्याकडे येणारं एकुलतं एक माणूस घालवलं, असं वाटलं आणि आपलाच राग आला.

चौथ्या दुपारी मी कुलूप लावत असताना तो आला. एकटाच.

"कुत्रं कुठाय?" मी घाबरून विचारलं.

"घरी हाय. त्याले काहून आणू? तो बरा हाय." त्याने टोपली पुढे केली. तिला नवं, पिवळंधमक बूड होतं. "बुरडाकडून बसवून आणलं. तीन दिवस लावले त्यानं."

मी टोपली धरून उभा राहिलो. तो म्हणाला, "अन् तुम्ही पाहिलं नव्हतं, हे मले मालूम होतं साहेब. तुम्ही खुर्चीतून उठलेच नव्हते."

"मग परत माझ्याकडेच का आणलंत?"

"दुसरा डाक्टर कुठं शोधू? अन् दुसऱ्या खेपेले तुम्ही जमिनीवर बसले ना."

टोपलीत वांगी होती, चार हिरव्या मिरच्या होत्या. भांडं काय, टोपली काय, कुणाची रिकामी परत करायची नसते.

"एवढी वांगी मी एकटा काय करू?"

"दोघांपुरतेच हायेत," तो म्हणाला आणि क्वार्टरच्या पायरीवर चपला काढू लागला.

मी स्टोव्हला पंप मारला. घरात दुसरं ताट नव्हतं. त्याला ताट दिलं आणि मी पातेल्याच्या झाकणात वाढून घेतलं.