काकांची काशीची तुळस

देवाने जे जे उघड्यावर वाढायला घातलं, ते ते उचलून घरात आणणारा माणूस आमच्या किनाऱ्यावर एकच झाला, आणि तो म्हणजे माझे चुलत सासरे. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांचं घर आमच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, पलीकडे. त्यांच्या मते बाहेरचा वारा खारा, बाहेरच्या बकऱ्या हावऱ्या आणि बाहेरची माणसं दृष्ट लावणारी. म्हणून काकडीचा वेल स्वयंपाकघराच्या वाशावर चढवलेला, पानवेल खांबाला गुंडाळलेली आणि आलं जुन्या पेटाऱ्यात निजवलेलं. एकदा वाशावरची काकडी सुटून थेट ताकाच्या मडक्यात पडली. काकींनी फुटलेलं मडकं त्यांच्यापुढे धरलं, तर हे म्हणतात, "बघ गो, कोशिंबीर आपसूक झाली." मडकं त्यांना दिसलंच नाही. फायदा तेवढा दिसे.

काकींचे गुडघे पावसाळ्यात आणि थंडीत असे सुजत की रात्र रात्र डोळा लागत नसे. सकाळी चेहरा पाहिला की आपल्यालाच रडू यावं. सगळे लेप झाले, नवस झाले. शेवटी कसालच्या बाजारात बसणाऱ्या वैद्यांनी सांगितलं की भांगेचा पाला तुपातून द्या, झोप येईल. ते दिवस दारूबंदीचे. शिपाई माडांच्या बागा हुंगत फिरत आणि भांग लावणाऱ्याला बांधून नेत. दुसरा कोणी घाबरला असता. काकांना उलट आनंद झाला. इतकी वर्षं लोक त्यांच्या घरातल्या शेतीला वेड म्हणत, आता तिला सबळ कारण मिळालं. बांद्याकडून आलेल्या एका गोसाव्याला पोटभर जेवू घालून त्यांनी बी मिळवलं आणि कामाला लागले.

भांगेने त्यांना पुष्कळ शिकवलं, पण तिची फी जबर होती. एका धड्याला एक रोप. पहिल्याला त्यांनी मायेने इतकं पाणी पाजलं की ते कुजलं. पाणी कमी लागतं, हे ते मग आम्हाला असं सांगत फिरले की जणू आम्हीच चुकलो होतो. दुसऱ्याला बांगड्याच्या डोक्यांचं खत घातलं. ते मांजरांनी मुळासकट उकरलं. तिसरं मात्र तगलं. घरात उजेड म्हणाल तर छपराला बसवलेलं एकच काचेचं कौल. त्यातून पडणारा उन्हाचा तुकडा सकाळी देवघराशी असे, दुपारी चुलीपाशी, कलत्या उन्हाला जात्यापाशी. काका कुंडी उचलून त्याच्यामागे दिवसभर फिरत. काकी चुलीशी बसल्या की आवाज येई, "सर गो जरा, ऊन इलां." ज्या गुडघ्यांसाठी हा सगळा खटाटोप, त्या गुडघ्यांवर हात टेकून बिचारी उठे. रोप वाढलं तसा त्याला वास सुटला. तो झाकायला काकांनी भोवती सुके बोंबील टांगले, आणि पाहुण्यांनी त्या घरी चहा घेणं सोडलं.

दिवाळीपूर्वी एक शिपाई पाणी मागायला म्हणून थेट आत आला. शेजारच्या दोघी जणी काकींपाशी बसल्या होत्या, मी दाराआड होते. त्याने कुंडीकडे बोट केलं. काका कचेरीतली शुद्ध भाषा काढून म्हणाले, "साहेब, ही काशीची तुळस. तिकडे हिच्या पानांना अशीच बोटं फुटतात." शिपाई काशीला गेलेला नव्हता. त्याने वहाणा काढल्या, नमस्कार केला, पाणी प्यायला आणि गेला. काका दिवसभर छाती काढून वावरले.

पण त्या दोघींनी ऐकलं होतं. काशीची तुळस घरी आली आणि हा माणूस बोलला नाही, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत वाडीभर झाली. कार्तिकात तुळशीची लग्नं लागली तेव्हा बायका ऊस, चिंचा, आवळे घेऊन काकांच्या दारात उभ्या. नाही म्हणावं तर संशय. कुंडी खळ्यात आली, बोंबील उतरले, हळद लागली, मंगलाष्टकं झाली. अंतरपाटाचं एक टोक खुद्द काकांच्या हातात होतं. ते काही फार जोरात 'सावधान' म्हणाले नाहीत.

पुढल्या आठवड्यात झाड भरलं, तोडायला आलं. काकांनी सुरी धुतली. काकी भिंतीला धरून उठल्या आणि कुंडीच्या आड उभ्या राहिल्या.

"सवाशिणीर सुरी घालतलास?"

"अगो, भांग ती. तुकाच माहीत आसा."

"माका माहीत आसा. पण लगीन खरां लागलां."

काकांनी खूप समजावलं. शास्त्र काढलं, वैद्य काढला, शेवटी हात जोडले. काकींचं एकच, आपल्या दुखण्यासाठी कुणाचं सौभाग्य मोडायचं नाही. मग सुरी खाली ठेवून काकांनी विचारलं, "आणि पान आपसूक पडलां तर?"

"पडलेल्याक कोण नको म्हणता?"

तेव्हापासून घाई हाच ज्यांचा स्वभाव ते काका त्या झाडापुढे पाट टाकून बसले. हलवायचं नाही, फुंकायचं नाही, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. आयुष्यभर बंद ठेवलेली खिडकी उघडली तर चालेल का, हे त्यांनी काकींना विचारून घेतलं. वारा देवाचा, म्हणाल्या. थंडी वाढली तशी पानं वाळून एकेक उतरू लागली. जमिनीला टेकलं की ते पान काका दोन्ही हातांनी उचलत. अवघ्या पिकाने एक करवंटीही भरली नाही.

एका दुपारी मी ताजे बांगडे द्यायला म्हणून गेले. काका उंबऱ्यावर बसले होते. मी हाक मारणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत काकी कुशीवर झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, जवळच्या चुलीवर भात करपत होता.

"निजली गो," काका इतक्या हळू म्हणाले की त्यांचा आवाज मी ओळखला नसता. "भात जळांदे."

मी टोपली खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले. ऊन आमच्या पायांवर आलं, कोणी सरकलं नाही. आता दोघंही नाहीत. दुपारी कुणाच्या घरातून करपल्याचा वास आला की बाकीच्या बायका ओरडत धावतात. माझी पावलं मात्र आधी हळू पडतात.