एका शब्दात उत्तर द्या

महाडच्या एका शाळेत सभागृहाबाहेरच्या नळाला जाळीच्या पिशवीत लाल कार्बोलिक साबण बांधलेला होता. परवा तिथे हात धुतले आणि तो उग्र, औषधी वास बोटांना चिकटून माझ्याबरोबर आत आला. आत जागतिक इतिहासाची प्रश्नमंजूषा चालू होती. निवृत्त शिक्षिका म्हणून मला परीक्षकाच्या खुर्चीत बसवलं होतं. भिंतीवर पुराच्या पाण्याची मातकट रेघ अजून तशीच होती आणि तिच्याखाली ओळीनं बसलेली मुलं पिरॅमिड, छापखाना, दुर्बीण, वाफेचं इंजिन असं सगळं पटापट सांगून मोकळी होत होती. मग प्रश्न आला, बाळंतिणीला तपासण्याआधी डॉक्टरांना हात धुवायला लावणारा व्हिएन्नाचा तो डॉक्टर कोण? घंटी वाजली, एका मुलीनं नाव सांगितलं, टाळ्या पडल्या. लगेच पुढचा प्रश्न आयफेल टॉवरचा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलीवर नाही, तिनं बिचारीनं पाठ केलं होतं. मी माईक ओढून विचारलं, "मग त्या डॉक्टरचं लोकांनी ऐकलं का?" संयोजक सर माझ्याकडे वाकून अदबीनं म्हणाले, "मॅडम, एका शब्दात उत्तर येईल असंच विचारा ना. गुण द्यायला सोपं जातं." एका शब्दातच तर होतं उत्तर, 'नाही'. पण ते त्यांच्या छापील कागदावर नव्हतं, म्हणून ते ज्ञानही नव्हतं.

हा प्रश्न मला पहिल्यांदा घातला तो माझ्या ताईनं, तांदूळ निवडता निवडता. वडिलांच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत आम्हा बहिणींची दुपार जायची आणि ताईचं तोंड जगभर फिरायचं. 'कोण' आणि 'कधी' यांत तिला रस नव्हता. 'मग पुढं काय झालं?' हे तिचं विचारणं. देवीची लस सापडली, मग पहिल्यांदा दंडावर टोचून घ्यायला कोण धजलं असेल? ज्या आंधळ्या ग्रीक कवीच्या नावावर एवढी महाकाव्यं आहेत, तो खरंच होऊन गेला, की पुष्कळ गाणाऱ्यांचा मिळून एक कवी झाला? ताजमहाल बांधणाऱ्यांच्या बायका कुठे पुरल्या असतील? सुपातला खडा चिमटीत धरून ती माझ्याकडे बघत राहायची आणि मग रात्रभर माझ्या डोक्यात काहीतरी वळवळत राही. पुढे मी आयुष्यभर इतिहास शिकवला तो त्या वळवळण्याच्या जिवावर. व्हिएन्नाच्या डॉक्टरची गोष्ट तिला सगळ्यांत आवडायची. तिथल्या इस्पितळात सुइणींच्या वॉर्डात बायका कमी दगावत आणि डॉक्टरांच्या वॉर्डात जास्त, कारण डॉक्टर प्रेतं फाडून तसेच बाळंतिणीकडे येत. तो सांगून थकला. डॉक्टरांना अपमान वाटला. सभ्य माणसाचे हात घाण असतील कसे? शेवटी त्यालाच वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, आणि तिथे जखम चिघळून तो मेला.

ताईला पोलादपूरच्या वर डोंगरातल्या कुडपणला दिलं. नवरा मुंबईला नोकरीत, वर पठारावर शेती, घर भरलेलं. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, महाडच्या दवाखान्यात नीट पार पडलं, मुलगी झाली. दुसऱ्या वेळी आम्ही न्यायला गेलो तर तिच्या सासूनं हसत हसत दार अडवलं. "पयलं तुमच्याकडं झालं, दुसरं आमच्याकडं. रीत हाय ती." रीत होतीच. तिच्यापुढे आमच्या वडिलांनाही बोलता येईना. तेव्हा मी कॉलेजात होते. थोरल्या भाचीला सांभाळायला म्हणून मी तिथेच राहिले. लावणीचे दिवस. वर गाडीरस्ता नव्हता आणि दरीत धुकं असं बसलेलं की गोठासुद्धा दिसू नये. कळा सुरू झाल्या तसं चुलतसासूला बोलावलं. भावकीतली बाळंतपणं तीच करायची. ती आली ती गोठ्यातून, हाताला शेण, नखांत चिखल, हात नुसते पदराला पुसून.

पाणी मी तापवलेलं होतं. साबणही मीच पुढे केला. ताई कळ दाबून म्हणाली, "काकी, आधी हात धुवा ना."

चुलतसासू जागीच थबकली. "मी काय इटाळाची हाय काय गो?"

आणि सासू कडाडली, "अख्ख्या भावकीची पोरं हिच्या हातावर आली! नि ही कालची आमाला शिकिवनार?"

ताईनं अजून एकदा हात जोडून विनवलं. मग कळेनं तिचा आवाजच गेला. साबण कोरडाच राहिला. मुलगा झाला, पेढ्यांची भाषा झाली, आणि पुढे ताईला ताप भरला. डोलीतून पोलादपूरला उतरवेपर्यंत ती बरळत होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. ताईच्या बाराव्याला बायका म्हणाल्या, नशीब. मला आजही त्या शब्दाची शिसारी येते. व्हिएन्नाचे कोट घातलेले डॉक्टर आणि कुडपणची शेणाच्या हातांची काकी, दोघांना जोडणारा धागा अडाणीपणाचा नव्हताच. मानाचा होता. धुवायला हवा होता तो तोरा, हात नव्हे.

भाच्यासाठी मी त्या घराशी संबंध ठेवला. राग गिळून नाही, राग घेऊनच जायची. महासाथीच्या काळात निर्बंध जरा सैल झाल्यावर त्याला भेटायला वर गेले. आता गाडी थेट दारात जाते. ताईची सासू ओट्यावर बसली होती, वाकलेली, हातात मोबाईल. त्यावर कुणीतरी साबण लावून हात कसे धुवायचे ते दाखवत होतं. मला बघताच ती ओरडली, "तिथंच थांब गो! आधी हात धू, मंग ये घरात. नखातनं जंतू जातात पोटात, तुला म्हाईत नाय?"

मला म्हाईत नाय! मी पायरीवर उभीच राहिले. भांडावं तर समोर थकलेली म्हातारी, आणि तिला आठवतही नव्हतं. मी हात धुतले. तिनं ते धुऊन होईपर्यंत लक्ष ठेवलं आणि खूश होऊन मान हलवली.

लोक म्हणतात, ज्ञान खेड्यात पोचायला वेळ लागतो. खोटं आहे. त्या घरात ज्ञान फार पूर्वीच पोचलं होतं. माप ओलांडून, सून म्हणून आलं होतं, आणि त्याला चूल दाखवून गप्प राहायला सांगितलं होतं.