एका पार्लरात पाच धंदे

ब्रॉन्क्समधल्या बायकांचे केस सरळ करून देणाऱ्या नेरेइदा उबिएराला स्वतःचे पार्लर हवे होते. बँकेने नकार दिला. तिने जन्मात कधी कर्ज काढले नव्हते, आणि अमेरिकेत ज्याने कर्ज फेडल्याची नोंद नाही त्याला कर्ज मिळत नाही.

"कुणाचे पैसे बुडवले नाहीत, ही माझी चूक!" ती म्हणाली.

मग एक छोटी कर्जे देणारी संस्था सापडली. तारण नको, पाच जणींचा गट, एकमेकींची हमी आणि प्रत्येकीचा स्वतंत्र धंदा. नेरेइदाने आपल्यासारख्याच डोमिनिकन शेजारणी जमवल्या. योकास्ता खिम्याच्या करंज्या तळणार होती. उरलेल्या तिघी नखे रंगवणार, कपडे विकणार, केक करणार होत्या.

प्रत्येकीला पंधराशे डॉलर मिळाले. पाच बायका आणि पैसे एकत्र आले की त्यांच्या गावाकडे एकच गोष्ट होते : भिशी. पहिला नंबर नेरेइदाचा लागला. साडेसात हजारांत तिने गाळा भाड्याने घेतला, केस वाळवायची तीन यंत्रे घेतली. संस्थेचे पाचही हप्ते तीच भरी. हे कर्ज फिटले की पुढच्या कर्जांना बाकीच्यांचे नंबर येणार होते.

तिसऱ्या आठवड्यात संस्थेची लुसेरो तपासणीला आली. आधी योकास्ताच्या घरी गेली.

"तुमची कढई कुठंय?"

"माझा नंबर चौथा आहे, पोरी. कॉफी घे."

"कसला नंबर?"

योकास्ताने सगळे खुशीत सांगितले. लुसेरोने तिला तडक पार्लरमध्ये नेले, पाचही जणींना बोलावले.

"आणि ही पैसे घेऊन पळाली असती तर?"

पाचही जणी हसल्या.

"पळेल कुठं? गावी हिच्या आईचं घर माझ्या मामीच्या घराला लागून आहे," योकास्ता म्हणाली. "मामी दिवसभर दारातच बसते."

"मामीसाठी फॉर्मात रकाना नाही. सोमवारी पाच धंदे दाखवा, नाहीतर गट बंद. पाचही नावांवर ठपका."

ठपका म्हणजे बँकेचे दार कायमचे बंद. नेरेइदाने दोन यंत्रे विकली, चौघींना सामान घेऊन दिले आणि गाळ्यात कोपरे वाटले.

सोमवारी लुसेरो फॉर्म घेऊन उभी राहिली. आरशाखाली नखे, खुंट्यांवर झगे, खिडकीत केक, मागच्या दाराशी कढई.

"धंद्याचा पत्ता?"

"हाच," पाच वेळा उत्तर आले.

तिने पावत्या तपासल्या, कढईतली एक करंजी खाल्ली आणि पाच सह्या केल्या. नियमात वेगळे धंदे लिहिले होते, वेगळी छप्परे नव्हती.

पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त गल्ला योकास्ताचा झाला. उरलेल्या एकाच यंत्रासाठी बायका तासतास ताटकळत आणि ताटकळताना खात. नेरेइदाने भाड्याचा वाटा मागितला.

"वाटा?" योकास्ता झारा निथळवत म्हणाली. "तुझी गिऱ्हाइकं मी धरून ठेवते, बाई. तूच काय देतेस ते बोल."