अंदाज हवाय की रिपोर्ट?

"अंदाज हवाय की रिपोर्ट?" फोन उचलला की आमच्या मॅडम आधी हे विचारायच्या, मग पलीकडचा डॉक्टर कितीही मोठा असो. स्वारगेटजवळच्या आमच्या रुग्णालयात त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली शिकणारी डॉक्टर. बोलायला तिरकस आणि कामाला सरळ अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

एकदा मांजरी गावातली एक तरुण शिक्षिका दाखल झाली. कित्येक दिवसांचा ताप, मान आखडलेली, आणि आता ती नवऱ्यालाही ओळखेना. मेंदूज्वर उघड दिसत होता. तो कशामुळे, हे मणक्यातलं पाणी तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. पण सासूबाई मुलाला सही करू देईनात. वॉर्डातल्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मॅडम स्वतः वर गेल्या. मागोमाग मी.

"पाणी काढलं की पाय जात्यात म्हनं," सासूबाई म्हणाल्या.

"माझ्या बाळंतपणात मणक्यात तिथंच सुई टोचली होती." एवढं बोलून मॅडम वॉर्डाच्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. "आता बोला."

सासूबाईंनी मुलाकडे पाहून मान हलवली.

पाणी आलं ते नितळ. पू करणारे जंतू असते तर ते गढूळ आलं असतं. वॉर्डातून लगेच फोन आला, की विषाणूचाच असणार, आपोआप उतरेल ना? मॅडमनी फोन ठेवून साखर तपासायला घेतली. विषाणूच्या मेंदूज्वरात पाण्यातली साखर सहसा टिकून असते. इथे ती पार खाली गेली होती आणि प्रथिनं वाढली होती. मग त्यांनीच वॉर्डात फोन लावला.

"आज अंदाज देतेय. क्षय आहे. औषध सुरू करा, रिपोर्ट उद्या."

मॅडमच्या तोंडून अंदाज मी पहिल्यांदाच ऐकला. डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केलं.

थोडं पाणी नळीत तसंच ठेवलं होतं. सकाळी त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा तलम पडदा धरला होता. तो काचेवर घेऊन, रंग देऊन मॅडम सूक्ष्मदर्शकाशी बसल्या. शेजारी चहाचं पाणी झालं. शेवटी "या, बघा" म्हणत त्या बाजूला सरकल्या. निळ्या पार्श्वभूमीवर क्षयाचे लाल, बारीक जंतू दिसत होते.

बाई बऱ्या झाल्या, पण सावकाश. एका कानाने अजून कमी ऐकू येतं. वर्गातला गोंगाट निम्माच ऐकू येतो, म्हणून खूश असतात.

मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशी आम्ही हार आणून टेबलावर ठेवला आणि मागे उभे होतो. त्यांचं काम संपेना. अखेर उठल्या, अ‍ॅप्रनची घडी केली आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"पुढची काच तुम्ही बघा."

मी बसले. एका लहान मुलाच्या मणक्यातलं पाणी होतं, घाई करून चालणार नव्हतं. पाहून झाल्यावर मान वर केली, तेव्हा हार टेबलावर तसाच होता आणि मॅडम निघून गेल्या होत्या.