कंपनीच्या होडीला दिलेली जागा

कंपनीने आपला इतिहास भिंतीवर लावलाय. आमच्या धक्क्याजवळ गिऱ्हाइकांना दाखवायला जो नमुना फ्लॅट केलाय ना, तिथे शिरल्या शिरल्या मोठाले फोटो. आधी वल्ह्यांची होडी, मग इंजिनाची, मग मोटारसायकली चढवायची फेरीबोट आणि शेवटी टॉवरचं चित्र. जसा काही होडीलाच टॉवर फुटला! मी बघत उभी राहिले तर तिथल्या एसीतल्या पोरीने नाकाला ओढणी लावली. बोंबलांचा वास येत असणार माझ्या अंगाला. येऊ दे.

त्या भिंतीवर जे नाही ते मी सांगते. मी लग्न होऊन या कोळीवाड्यात आले तेव्हा खाडीपलीकडे जायला कंपनीची ती एकच होडी. मालक बाहेरचा, किनाऱ्यावर त्याची वीतभर जागा नाही. पावसाळा तोंडावर आला तसा तो माझ्या सासऱ्यांकडे आला, होडी ठेवू कुठे म्हणून. आमच्यात एक रीत आहे. पावसाळ्यासाठी होडी वर ओढायची असली की कुणालाच नाही म्हणायचं नाही. वर्षभर तोंड बघत नसलो तरी दोराला हात लावायचा. सासऱ्यांनी आमची बोंबील वाळवायची जागाच दाखवली. पावसात बोंबील थोडेच वाळतात? पावसापुरती ठेवा म्हणाले. अख्खा वाडा दोराला लागला आणि मी चहा केला सगळ्यांना, मालकाला आलं घालून.

पुढे होडीवर ताडपत्री आली. ताडपत्रीचे पत्रे झाले. पाऊस सरला तरी पत्रे उतरेनात. मी कुरकुर केली तर सासरे म्हणायचे, "राहू दे गं, माणूस आपलाच आहे." आपलाच! त्या पत्र्याखाली कंपनीच्या नावाचं विजेचं मीटर बसलं, आणि सासरे गेल्यावर कंपनी म्हणाली, जागा आमची, हे बघा मीटर. आमच्याकडे काय होतं? तोंडचा शब्द, आणि तो बोलणारा माणूसही उरला नव्हता.

आता धंदा मालकाचा नातू बघतो. फेरीत काही सुटत नाही म्हणून बिल्डर झालोत म्हणतो. मला म्हणाला, "आंटी, भूमिपूजनाला तुम्हीच नारळ फोडा ना, नऊवारी नेसून. फोटो मस्त येईल."

"नारळ आम्ही दर्याला देतो," म्हटलं, "तुझ्या लिफ्टला नाही."

त्या जागेतला एक पट्टा तेवढा आमच्याकडे उरलाय. तिथे वाळलेल्या बोंबलांवर आणि सुकटीवर आम्ही सासू-सुना बोरिवलीच्या बाजारात बसतो. तो गेला की आमचं बसणं गेलं. कंपनीचा डोळा आता त्याच्यावर.

यंदा पावसाच्या तोंडाला कंपनीची होडी चालवणारा तांडेल आला. आमच्याच वाड्यातला, चांगला पोरगा आहे.

"मावशी, होडी वर घ्यायचीय."

"घे की. मालकाच्या पत्र्याखाली घे."

"पत्रे कुठे राहिलेत? तिथे नमुना फ्लॅट झाला ना."

"मग बेडरूममध्ये घाल. कपाटं पण आहेत म्हणे."

"मस्करी नको ना, मावशी. वारा फिरलाय. तुमच्या पट्ट्यावर ठेवतो, पावसापुरती."

पावसापुरती. ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. बाकीच्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. होडीला नाही म्हटलेलं आमच्या किनाऱ्याने कधी ऐकलं नव्हतं. सासरे असते तर एव्हाना दोर हातात घेतला असता.

"तुझी असती ना रे, तर पहिला हात माझा लागला असता," मी म्हटलं. "ही कंपनीची आहे. हिच्या मागून पत्रे येतात." आणि पट्ट्याच्या मधोमध बसकण मारली. सून आली, मग शेजारणी आल्या, आपापल्या टोपल्या घेऊन. एक म्हातारी मात्र "पाप करताय गं" म्हणत घरी निघून गेली. तिचंही काही खोटं नव्हतं.

पोरगा दोर गुंडाळत नातवाला फोन लावत राहिला. शेवटी क्रेन आणून होडी नमुना फ्लॅटसमोरच्या हिरवळीवर ठेवावी लागली. तळाला कालवं चिकटलेली, चिखल गळतोय, वास तर विचारू नका. गिऱ्हाईक आलं की ती पोरगी दार घट्ट लावून घेते.

भांडण काही मिटलेलं नाही. आमच्या पट्ट्यावर आता आम्ही ताडपत्री घातलीय. नातू विचारायला आला, ही कशाला?

"पावसापुरती," मी म्हटलं.

पत्र्यांचा भाव सुनेने काढून ठेवलाय.