पातेऱ्याची आते

मुळगावातल्या बायका सकाळी अंगण झाडून पातेरा जाळायच्या आणि आमची आते तोच पातेरा मागून आणायची. फणसाची, काजूची सुकी पानं पाटीत भरून ती वाटेने निघाली की कोणीतरी म्हणायचीच, "आते, आमच्या घरचो केर पण घेवन वच." आते थांबायची. "सोन्याक तूं केर म्हणटा. दी."

आते म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. गावाजवळच्या खाणीचा खड्डा खोल गेला तशी आमची विहीर शिमग्याआधीच आटायला लागली. सगळ्यांनी भाजीचे मळे सोडले. आतेने त्याच वर्षी न्हाणीमागच्या तुकड्यात भाजी सुरू केली. जमीन खणली नाही. शेण पसरलं, वर वीतभर पातेरा घातला आणि पाऊस संपता संपता पाला बोटाने बाजूला सारून वांगी नि अळसांदे, म्हणजे चवळी, लावली. पाणी म्हणजे तांदूळ धुतलेलं, तेही तीन दिवसांनी एकदा. मला बोट खुपसून बघायला लावायची. खाली माती ओली असायची. "मातयेची लज धांपून दवरची," म्हणायची, मातीची लाज झाकून ठेवावी.

तेव्हा सोप्यावर पुरुष राज्याची भाषा मराठी की कोकणी म्हणून भांडत असायचे. शेंगा मोडता मोडता ती एकदा म्हणाली, "खंयचेय भाशेन उलयात, बांयत उदक ना तें नाच." कुठल्याही भाषेत बोला, विहिरीत पाणी नाही ते नाहीच.

घरात ती कोणाकडे काही मागत नसे. "भात भावाचो, भाजी म्हजी," असं म्हणून ताठ बसून जेवायची.

नणंदेचं लग्न चैत्रात ठरलं. आते आमंत्रणं द्यायला पार्स्याला गेली होती. माटव, म्हणजे लग्नाचा मांडव, घालायला आलेल्या पाहुण्यांना परसात केर दिसला. लग्नघरी असा केर ठेवत नाहीत. म्हातारीला वाकवत नाही, आपण साफ करून देऊया, म्हणाले. शेवटची वांगी काढून मला आणून दिली, झाडं उपटली, पाला ओढून पेटवला आणि पिकासाने सगळं खणलं. पाल्याखाली भेंडी नि दोडकी नुकती रुजली होती. हे मला ठाऊक होतं. मी आडोळीवर नारळ खवत होते, दार उघडं होतं. परक्या पुरुषांसमोर बोलायची मला सवय नव्हती. एक शब्द पुरला असता.

आते आली तेव्हा पाहुणे कौतुकाची वाट बघत उभे होते. "बरें केलें," ती त्यांना म्हणाली. मग आत येऊन मला हळू विचारलं, "तूं घरांतच आसलें मगो?" मी घरातच होते.

पाऊस संपल्यावर मी दोन पाट्या पातेरा आणून न्हाणीमागे ठेवला. तिने नुसता पाहिला. म्हणाली, तशी माती व्हायला वर्षं लागतात, आता कोण तेवढं जगतं.

ती आणखी सात वर्षं जगली. सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसायची, ताट जरा पुढे सरकवायची. "भाजी उरल्या जाल्यार घाल गो." उरली असेल ती मी घालायची. एकदाही तिच्याकडे बघून काही बोलले नाही.